पांढऱ्या साडीत कळसूबाई

माझी सुमनआत्या आणि तिची मैत्रीण मीराआंटी, या दोघींवर अन्याय झाला. कधी: गेल्या पौष पौर्णिमेला, शनिवारी, दुपारी दोनच्या सुमारास. कुठे: कळसूबाईच्या पायथ्याला, बारी गावात, एका ट्रेकिंग ग्रुपच्या बसच्या दारात. कुणी केला: त्या ग्रुपच्या लीडरने. आणि त्याच्याइतकाच, खिडकीतून बघत गप्प बसलेल्या वीस-बावीस धडधाकट माणसांनी.

मोर्चाचं पत्रक लिहिताना आम्ही हे सगळं वरच लिहून टाकतो, कारण अंबरनाथ स्टेशनच्या पुलावर पत्रक घेणारा माणूस चार ओळींच्या पुढे वाचत नाही. पण हे पत्रक नाही, प्रवासाची हकीकत आहे, आणि तिच्यात रागापेक्षा मजा जास्त आहे. तेव्हा पुढे वाचा.

शनिवार

आधी आत्याबद्दल. उल्हासनगरच्या एका शाळेत तिने आयुष्यभर भूगोल शिकवला. निवृत्त झाली तरी आठवड्यातून एक तास सातवीच्या वर्गावर फुकट जाते, कारण घरात बसून तिला चैन पडत नाही. गेल्या वर्षी आकाशगंगा शिकवताना एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही स्वतः बघितलीय?" आत्या खोटं बोलत नाही. म्हणाली, "नाही गं. बघून येते आणि सांगते." झालं. तेव्हापासून वर्गात पाऊल टाकलं की चाळीस पोरं एका सुरात: "बाई, गेलात का?" शाळा सातवीपर्यंतच, तेव्हा मार्चमध्ये ती पोरं शाळा सोडणार. इकडे डॉक्टरने गुडघ्याचा फोटो उजेडात धरून सांगितलेलं, "डोंगरबिंगर काय चढायचा तो या हिवाळ्यात. पुढचं मी सांगत नाही."

आमच्याकडे आकाशगंगा दिसत नाही हे सांगायलाच नको. अंबरनाथच्या एमआयडीसीवर रात्रीला रंग असतो, नारिंगी. आमच्या गच्चीवरून मोजून काढाव्यात इतक्या चांदण्या, त्यातली एखादी विमान निघते.

कळसूबाई आत्यानेच ठरवली. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, आणि वरपासून खालपर्यंत लाव्हाचा दगड. "ज्वालामुखी आणि आकाशगंगा. दोन धडे, एक डोंगर," ती म्हणाली. पोरांना खडूने काढून दाखवलेल्या दोन्ही गोष्टी तिला एकदा हाताने आणि डोळ्याने तपासून घ्यायच्या होत्या.

मीराआंटीचं उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये ब्लाऊज आणि फॉल-पिकोचं दुकान. आत्याचा प्रत्येक ब्लाऊज तिनेच शिवलाय. तिला ताऱ्यांत काडीचा रस नाही. "सुमन अकेली जाएगी तो फोटो कौन निकालेगा? ये मोर्चेवाली?" मोर्चेवाली म्हणजे मी, प्रज्ञा. "इसके फोटो में सबका मुंडी कटता है."

'सनसेट अँड स्टारगेझिंग' अशी जाहिरात करणारा एक ग्रुप बदलापूर-अंबरनाथहून बस सोडत होता. जाहिरातीत चार शनिवार दिले होते. त्यातला पौर्णिमेचा मी निवडला. आमच्या कॉलनीत नामकरण असो, नव्या घरात राहायला जाणं असो, विहारातलं भोजनदान असो, सगळं पौर्णिमा बघून होतं. बोअरवेलसुद्धा पौर्णिमेला खणली. चांगल्या कामाला चांगला दिवस, एवढं साधं गणित. आत्याला सांगितलं तर ती खूश: "वा, पौर्णिमा. मग पांढरीच साडी नेसते." तुम्हाला इथेच काहीतरी खटकलं असेल तर तुम्ही हुशार आहात. आम्हा तिघींना खटकलं नाही.

बसमध्ये मीराआंटीने डबा उघडला. सिंधी कोकी, कांदा-मिरची घातलेली जाड पोळी, चार दिवस टिकते आणि दगडासारखी जड असते. सोबत पापड. पुढच्या सीटवरच्या पोरांनी मागून मागून खाल्ली. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय. तिच्या हातची कोकी खाऊन नंतर तीच पोरं गप्प बसली.

बारीत उतरलो. समोर डोंगर असा उभा की मान मागे टाकून बघावं लागतं. आत्या बसच्या पायरीवरच थांबली आणि हात जोडले नाहीत, टाळी वाजवली. एकच. वर्गात पोरगं बरोबर उत्तर देतं तेव्हा वाजवते तशी.

लीडर तिच्याकडे बघत होता. "काकी, तुम्ही अशा येणार?"

"अशा म्हणजे कशा?"

"साडीत. आणि या आंटी चप्पल घालून. ड्रेस कोड ग्रुपवर टाकलेला ना? वयाचं पण लिहिलेलं. सॉरी, मी रिस्क नाही घेणार. तुम्ही खाली आराम करा, आम्ही रात्री उतरतोच, बस सकाळी निघेल."

आत्याने पाय पुढे केला. तिने कॅनव्हासचे पांढरे बूट घातले होते, शाळेच्या क्रीडादिनाचे. "बूट आहेत की."

"पण साडी..."

तेवढ्यात आमच्या आणि बसच्या मधून एक बाई गेली. नऊवारीचा काष्टा मारलेला, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाण्याचा मोठा ड्रम, पायांत झिजलेली रबरी चप्पल. डोंगराच्या वाटेला लागली आणि पाठीमागे न बघता चढायला लागली.

मीराआंटी म्हणाली, "वो देखो. वो भी साड़ी में जा रही है. उसको भी रोको ना, भैया."

"ती लोकल आहे हो."

"मग आम्ही काय इम्पोर्टेड?" मी.

डोंगर धोक्याचा आहे हे मला मान्य आहे. लीडरने दम तपासला असता, थोडं चालवून बघितलं असतं, तर मी एक शब्द बोलले नसते. पण त्याने गुडघ्याबद्दल विचारलंच नाही. त्याने साडी बघितली. धोका काय कपडे विचारून येतो?

मी बसकडे वळले आणि मोर्चातला आवाज लावला. "कुणी बोलणार आहे का?" एकाने बुटाची लेस सोडून पुन्हा बांधली. एक मुलगी खाली बघायला लागली. मग सगळे रांगेने उतरले आणि वाटेला लागले. मला लीडर म्हणाला, "ताई, तुम्ही चला, तुमचं ओके आहे." त्याला मी काय उत्तर दिलं ते इथे छापण्यासारखं नाही. आत्याने माझा दंड धरून मला खाली दगडी ओट्यावर बसवलं.

बसलोच. सूर्य डोंगराआड गेला, सावली अंगावर आली, थंडी वाजायला लागली. आत्या रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती साडीच्या निऱ्या नीट करत होती, पुन्हा पुन्हा.

मघाची बाई रिकामा ड्रम घेऊन उतरली आणि आम्हाला बघून थबकली. "गाडी तुमाला ठिवून गेली व्हय?"

"गाडी आहे. माणसं ठेवून गेली," आत्या म्हणाली.

"मंग उठा की. दगडावर बसून काय कोंबडी उबवताय?"

ही हौसाबाई. अर्ध्या डोंगरावर तिचं ताडपत्री टाकलेलं लिंबू-सरबताचं पाल आहे. घरी नेलं, चुलीपुढे बसवलं. पाण्याऐवजी आधी कोरा चहा दिला, गुळाचा. आमच्याकडे पाहुण्याला आधी विचारतात, चहा घेणार का, साखर किती. इथे विचारणं नाही. कप हातात येतो.

जेवणाआधी आत्या अंगणात गेली. पौर्णिमेची वंदना ती चुकवत नाही, विहार असो नसो. हौसाबाईने तुळशीकडे बोट दाखवलं, "हितं लावा दिवा." आत्या म्हणाली, "चालेल ना? आमचा देव नाही, आमचे बुद्ध." हौसाबाई म्हणाली, "उजेडाला काय कळतंय?" मग मेणबत्ती लावून आत्याने त्रिसरण म्हटलं, मी मागून. समोरून चंद्र वर आला. पिवळाधमक, परातीएवढा. अंगण, गोठा, आडव्या पडलेल्या काठ्या, कोंबडीची पिसंसुद्धा स्वच्छ दिसायला लागली.

पंचशीलाच्या मध्येच आत्या थांबली. असं कधी होत नाही.

"प्रज्ञा, आपण इथे काय बघायला आलो?"

"चांदण्या."

"आणि आज काय आहे?"

मी आकाशाकडे बघितलं. दुधात बुडाल्यासारखं पांढरं आकाश. दोन-तीन तारे, तेही कसेबसे.

"मी भूगोल शिकवला," आत्या म्हणाली. "चंद्राच्या कला शिकवल्या. बॅटरी आणि चेंडू घेऊन शिकवल्या!" आणि हसायला लागली. मीराआंटीला दोनदा समजावून सांगावं लागलं, मग ती अशी हसली की खाटेचा दोर कुरकुरला. हौसाबाई दारात येऊन म्हणाली, "पुनवंला चांदण्या? भर दुपारी काजवं हुडकल्यागत."

हसून झाल्यावर आत्या एकदम शिक्षिका झाली. "थांब. चंद्र रोज साधारण तासभर उशिरा उगवतो. आज दिवेलागणीला. उद्या तासाने. परवा दोन तासांनी. म्हणजे परवा, सूर्य बुडाल्यावर पुरता अंधार पडायला सव्वा तास, आणि त्यापुढे चंद्र यायच्या आधी थोडासा काळोख उरतो. अर्धा-पाऊण तास."

"आणि परवा सोमवार. बस तर उद्याच जाणार," मी म्हटलं.

"हो ना. आणि आज मला कुणी अडवलं नसतं तर मी वर जाऊन चंद्र बघून परत आले असते."

इथे काही वाचक म्हणतील, म्हणजे लीडरचे आभारच मानायला हवेत. नाही मानायचे. चोराने पाकीट मारलं म्हणून बाजारातली वाईट भाजी घ्यायची टळली, तर चोराला हार घालतात का?

रविवार

सकाळी ग्रुपची बस निघाली. लीडर आला, "चला काकी, बसा. पुढची सीट ठेवलीय." आवाजात थोडी शरम होती, ती मी नाकारत नाही.

"आम्ही राहतोय," आत्या म्हणाली.

मोठा कॅमेरा घेतलेला एक मुलगा कंटाळलेला उभा होता. "काही नाही दिसलं हो. नुसता चंद्र. अख्खी रात्र फुकट." आत्याने त्याला कला समजावून सांगितल्या, बोटांवर तास मोजून दाखवले, "उद्या संध्याकाळी परत ये," म्हणाली. कालचा राग नाही, काही नाही. तो खरंच लक्ष देऊन ऐकत होता. मला मात्र त्याच्या तोंडात कोकी दिसत होती.

काल खाली बघणारी मुलगी जवळ आली. "सॉरी मॅडम. काल मी बोलायला हवं होतं."

"मग का नाही बोललीस?" आत्याने विचारलं. रागाने नाही. गृहपाठ का आणला नाहीस, असं विचारतात तसं. मुलीने बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळला. आत्या थांबून राहिली, उत्तर येईल म्हणून. शेवटी बसने हॉर्न दिला.

मीराआंटीने मुलाला फोन लावला. "दुकान तू देख. लेहंगे को हाथ मत लगाना. हाँ, जिंदा हूँ. इधर बहुत मजा है, नेटवर्क नहीं है." फोन चालू असताना नेटवर्क नाही म्हणणारी ती एकटीच. माझी त्या संध्याकाळी कॉलनीत बैठक होती, नाल्याच्या वासाबद्दल. रद्द केली. नाला कुठे पळून जाणार होता?

दिवसभर खाल्लं. हौसाबाईने नागलीची भाकरी केली. आपण नाचणी म्हणतो, इकडे नागली. काळपट-लाल, गरम असताना तिला पावसाळी मातीसारखा वास येतो. वर लसणाचा ठेचा आणि पातळ पिठलं. मीराआंटी चुलीपुढे बसून भाकरी थापायला गेली आणि तिच्या हातून नकाशा तयार झाला. हौसाबाईने तो उचलून तव्यावर टाकला, "भाजली का समदे मुलूख सारखेच." बदल्यात मीराआंटीने तिच्या दोन चोळ्यांच्या बाह्या मोकळ्या करून दिल्या, सुई-दोरा पर्समधूनच निघाला. त्या दोघींची भाषा एक नव्हती, पण "बगल में टाइट है" हे काय भाषेने सांगायचं असतं?

दुपारी आत्याला जमतंय का ते बघावं म्हणून पहिल्या चढापर्यंत नेलं. वाटेत उघडा कातळ लागला. आत्याने हात ठेवला, मग गाल. "हा लाव्हा बरं का, हौसाबाई. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, त्यातून तापलेला रस वर आला आणि थरावर थर बसले. हा सगळा डोंगर एकेकाळी पेटलेला होता."

हौसाबाईने डोंगराकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "मंग इझवला कुणी?"

आत्याला सातवीच्या वर्गातही हा प्रश्न कुणी विचारला नसावा. तिने विचार केला. "आपोआप निवला. फार वेळ लागला."

"लागणारच. येवढा मोठाय," हौसाबाई म्हणाली आणि पुढे चालायला लागली.

आत्याचा गुडघा कुरकुरला, पण चालला. उतरताना हौसाबाईने तिची साडी पोटरीपर्यंत ओढून निऱ्या मागे खोचल्या. "आता बघ, घोडी झाली."

संध्याकाळी अंगणात सगळ्या आकाशाकडे. अंधार पडत गेला, एक एक तारा वाढत गेला, आत्याची मान वर, आणि आता पुरतं काळं होणार तेवढ्यात पूर्वेला उजेड फुटला. चंद्र हजर. "अजून एक तास," आत्या म्हणाली. त्या रात्री तिने गुडघ्याला तिळाचं तेल चोळलं. हौसाबाईच्या घराला आतून कडी नव्हती, नुसतं दार लोटलेलं. आमच्या चाळीत दोन कुलपं आणि वर एक कॅमेरा असतो. मला वाटलं झोप लागणार नाही. अंग टाकलं ते थेट कोंबड्याला उठले.

सोमवार

जेवून लवकर निघालो. हौसाबाई सरबताचा ड्रम घेऊन पुढे, आत्या मध्ये, मी मागे, मीराआंटी कधी पुढे कधी मागे, फोटोप्रमाणे. सोमवार असल्याने वाटेवर माणूस नाही. आत्याची चाल ठरलेली: वीस-पंचवीस पावलं, मग थांबून मागे वळून बघणं. दम खायला थांबते असं कबूल करायचं नाही, देखावा बघते म्हणायचं. देखावाही तसाच होता. खाली शेतांचे तुकडे, पलीकडे भंडारदऱ्याचं निळं पाणी.

मग शिड्या. कड्याला ठोकलेल्या लोखंडी शिड्या. पहिली शिडी आत्या न बोलता चढली. दुसऱ्या शिडीच्या मध्यावर थांबली. दोन्ही हातांनी गज धरलेले, बोटं पांढरी.

"आत्या?"

"खाली बघितलं मी."

"मग आता वर बघ."

"वरही तेच आहे गं. नुसतं आकाश."

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, लीडर बरोबर होता की काय. माझ्या तोंडातून "परत जाऊ या" निघणारच होतं. वरून हौसाबाईने वाकून हाक मारली, "बाई, तुमची ती पोरं काय म्हणत्यात रोज? सांगितलं व्हतं ना काल."

आत्याने डोळे मिटले. "बाई, गेलात का."

"मंग चला की!"

चढली. वर येऊन मटकन बसली, आणि तेवढ्यात फाटकन आवाज झाला. उजव्या बुटाचा तळ सुटून मगरीच्या जबड्यासारखा उघडला. क्रीडादिनाचे बूट कपाटात राहून राहून त्यांचा गोंद वाळून गेला होता. ड्रेस कोडमध्ये बसणारी एकच वस्तू आमच्याकडे होती, तिने वाटेत राजीनामा दिला. मीराआंटीने पर्स उघडली. परकराची नवी नाडी काढली आणि बूट असा आवळला की तो पार्सलसारखा दिसायला लागला. "टेलर के पर्स में नाड़ी नहीं होगी तो किसके होगी?" तिची स्वतःची चप्पल शेवटपर्यंत ठणठणीत होती.

सूर्य बुडायच्या आत माथ्यावर पोहोचलो. वर कळसूबाईचं छोटं देऊळ, बाकी वारा. हौसाबाई आत गेली. मीराआंटीही गेली, ती कुठल्याच देवाला नाराज करत नाही. आत्या बाहेर दगडावर बसून दोघींच्या चपला सांभाळत होती, वाऱ्याने उडतील म्हणून. कुणी कुणाला काही विचारलं नाही. आमच्याकडे यावरून दोन तास चर्चा झाली असती.

पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग असे तीन किल्ले एकामागे एक, निळे, मग जांभळे, मग काळे. सूर्य त्यांच्या बाजूला उतरला. लाल, सपाट, घाई नसलेला. अंबरनाथला सूर्य मावळत नाही, तो बिल्डिंगच्या मागे जातो. इथे मी त्याला क्षितिजाला टेकून बुडताना बघितलं, नखाएवढा तुकडा उरला तेव्हा मीराआंटीने टाळ्या वाजवल्या आणि मीही.

"इकडे बघा! तिकडे काय बघताय?" आत्या पूर्वेकडे तोंड करून ओरडत होती.

आम्ही वळलो. आमच्याच डोंगराची सावली पूर्वेला मैलोन्‌मैल पसरली होती, शेतांवरून, गावांवरून, थेट क्षितिजावरच्या धुक्यापर्यंत. आणि ती सावली नेमकी त्रिकोणी. वर टोक, दोन्ही बाजूंना सरळ उतार.

"हा माझा ज्वालामुखी," आत्या म्हणाली. "फळ्यावर मी हाच काढायचे. शंकूसारखा. इथे आले तर डोंगर तसा नाहीच, सगळे थर आणि कडे. म्हटलं, इतकी वर्षं चुकीचं शिकवलं. आणि हा बघा, इथे पडलाय." सावली वाढत, विरत गेली. ती गेली तरी आत्या बोटाने तिची कड हवेत काढत होती.

मग गारठा. चौघींनी दोन चादरी पांघरल्या आणि देवळाच्या आडोशाला बसलो. हौसाबाईने उरलेलं लिंबू-सरबत वाटलं, थंडीत दात वाजवत प्यायलो. पूर्वेला एक भला तेजस्वी ठिपका, "तो गुरू," आत्या म्हणाली. मग मृग नक्षत्र, त्यातले तीन तारे एका रेषेत. डोक्यावर कृत्तिकांचा झुबका. पुढे पुढे आत्याने नावं घेणं सोडलं, कारण नावं घ्यायच्या आत दुसरे उगवत होते. जिथे काळं होतं तिथे तारे, आणि त्या ताऱ्यांच्या मध्येही तारे.

आत्या मात्र अस्वस्थ. सारखी घड्याळाकडे, मग पूर्वेकडे. "चंद्र येईल गं आता." आणि मग एकदम, रडवेल्या आवाजात: "नेमका आत्ताच ढग आला!"

खरंच, डोक्यावरून एक फिकट पांढुरका पट्टा आडवा गेला होता, कडा विसकटलेल्या. आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात ढगाला शिव्या दिल्या. वारा होता, सरकेल असं वाटलं. थांबलो. वारा इतका की चादर धरून ठेवावी लागत होती. ढग जागचा हलला नाही.

"वाऱ्याने हलत कसा नाही?" मी म्हटलं.

आत्याचा हात माझ्या मनगटावर आला आणि आवळत गेला. दुखेपर्यंत.

"ढग नाहीये तो," ती म्हणाली.

चौघींच्या माना वर. शेवटी मीराआंटी हळूच म्हणाली, "किसी ने पावडर का डिब्बा गिरा दिया." फोन पर्समध्येच होता. तिने तो काढला नाही.

आत्याच्या गालावर पाणी होतं, पण ती हसत होती. "मी फार जाड काढायचे गं. खडू दाबून. तसं नाही काढायचं. खडू आडवा धरायचा, आणि नुसता घासायचा. इतका हलका की मागच्या बाकावरच्या पोराला वाटलं पाहिजे, फळा नीट पुसलेला नाही."

पूर्वेकडचं क्षितिज उजळायला लागलं. आम्ही कुणी त्या बाजूला बघितलं नाही. चंद्र वर येत गेला तसा तो पट्टा विरत गेला, आणि आत्या शेवटपर्यंत मान वर करून त्याला निरोप देत बसली. मग त्याच चंद्राच्या उजेडात आम्ही उतरलो. शिड्यांचे गज चांदीसारखे चमकत होते, प्रत्येक पायरी स्वच्छ. हौसाबाई पुढे, बॅटरी लावायची गरजच पडली नाही. आत्याची साडी गंजाने लाल, ठेच्याने हिरवी, धुळीने करडी झाली होती, आणि नाडीने बांधलेला बूट टपटप वाजत होता. किती वेळ लागला विचारू नका. घरी परतल्यावर जिना उतरताना ती आई आई करत होती, पण त्या आठवड्यात तास चुकवला नाही. वर्गात काय झालं ते तिने मला सांगितलं नाही. म्हणाली, "ते माझं आणि पोरांचं आहे."

आता तुमच्याकडे वळते.

तुमच्या घरात एक बाई आहे. आई, आत्या, मावशी, सासू, वहिनी. आज संध्याकाळी तिच्यासमोर बसा आणि विचारा, "तुला काय बघायचं राहून गेलंय?" ती आधी म्हणेल, "काही नाही, मला कशाला काय बघायचंय?" ते उत्तर धरायचं नाही. उठायचं नाही, फोन हातात घ्यायचा नाही. परत विचारायचं. खरं उत्तर आलं की दिवस ठरवायचा, तिथल्या तिथे, आणि ती ज्या कपड्यांत आहे त्याच कपड्यांत तिला घेऊन जायचं. वाटेत कुणी अडवलं तर तुम्ही तोंड उघडायचं.

आजच विचारा.